फोनला कव्हर असूनही काच का फुटते? स्लिम बंपर कव्हर घेताना नेमकं काय बघायचं

रिक्षातून उतरताना पैसे काढायला खिशात हात घालावा आणि पैशांआधी फोनच बाहेर यावा. खाली पेव्हर ब्लॉक. टक् असा आवाज येतो, फोन पालथा पडलेला असतो आणि रिक्षावाल्यापासून मागच्या पानटपरीवाल्यापर्यंत सगळे श्वास रोखून बघत असतात. फोन सुलटा करण्याआधीचे ते दोन सेकंद ज्याने अनुभवलेत, त्याला जास्त काही सांगायची गरज नाही.

फोन उचलला, तर कोपऱ्यातून निघालेली भेग कोळ्याच्या जाळ्यासारखी पार मधोमध पसरलेली. मग बघणाऱ्यांपैकी कुणीतरी हमखास म्हणतं, "कव्हर लावायचं ना राव." आणि फोनवाल्याचं उत्तरही ठरलेलं असतं, "कव्हर होतं की!"

विषय इथंच सुरू होतो. कव्हर असतं, दुकानात नीट पारखून घेतलेलं असतं, त्यावर 'शॉकप्रूफ' असं छापलेलंही असतं. तरी काच फुटते. मग डिस्प्ले बदलायचा खर्च काही हजारांत जातो. स्वस्तातल्या फोनचा असेल, तर दुकानदारच म्हणतो की यात अजून थोडे घाला आणि नवीनच घ्या. शिवाय फोन दुरुस्तीला असतो त्या दिवसांत ओटीपी येत नाही, यूपीआय चालत नाही आणि ज्यांचं पोट डिलिव्हरीच्या ॲपवर आहे त्यांचा त्या दिवसाचा धंदाच बसतो.

यावर लोकांनी काढलेला सोपा उपाय म्हणजे जाडजूड कव्हर. ज्याला बाजारात डिफेंडर कव्हर म्हणतात ते. फोन सुरक्षित राहतो, पण खिशात वीट ठेवल्यासारखं वाटतं. जीन्सच्या पुढच्या खिशात तो बसत नाही, एका हाताने टाइप करता येत नाही. महिन्याभरात ते कव्हर कपाटात जातं आणि फोन पुन्हा उघडा फिरतो. वापरलंच न जाणारं कव्हर कितीही मजबूत असलं तरी त्याचा उपयोग शून्य.

म्हणून आता स्लिम बंपर कव्हरला मागणी आहे. पाठीमागे पातळ, कडेला थोडं भरीव आणि हातात फोनसारखंच वाटणारं. पण पातळ आणि मजबूत हे दोन्ही एकत्र जमतं का? जमतं. फक्त कव्हरची जाडी किती आहे यापेक्षा ती कुठं आहे हे बघावं लागतं.

त्याआधी या 'बंपर' शब्दाचं थोडं. आपल्याकडं लॉटरी बंपर असते, पीक बंपर येतं. फोनचा बंपर मात्र गाडीवरून आलाय. गाडीचा बंपर पूर्ण गाडी झाकत नाही, जिथं धडक बसायची शक्यता जास्त तिथंच असतो. फोनच्या बंपरचं मूळ रूपही तेच, म्हणजे फक्त चारी कडांना वेढणारी एक चौकट. पुढं काच उघडी, मागं पाठ उघडी.

हा शब्द जगभर गाजला तो २०१० मध्ये, आणि गंमत म्हणजे तेव्हा विषय फोन पडण्याचा नव्हताच.

२४ जून २०१० ला ॲपलने आयफोन ४ विक्रीला आणला. पुढंमागं काच आणि मधे स्टीलची पट्टी. ही पट्टी नुसती शोभेची नव्हती, तीच फोनची अँटेना होती. पट्टीत बारीक फटी ठेवून तिचे वेगवेगळे भाग केले होते. काही दिवसांत तक्रारी सुरू झाल्या की फोन डाव्या हातात धरला की नेटवर्कच्या दांड्या पडतात. कारण तळहात नेमका खालच्या डाव्या बाजूच्या फटीवर यायचा आणि तिथं दोन भाग हाताने जोडले जायचे. तक्रार करणाऱ्या एका ग्राहकाला स्टीव्ह जॉब्ज यांनी ईमेलवर उत्तर दिलं, त्याचा आशय असा होता की मग फोन तसा धरू नका. या उत्तराची व्हायची तेवढी चेष्टा झाली. 'कन्झ्युमर रिपोर्ट्स' या अमेरिकेतल्या नामांकित ग्राहक संस्थेने तर हा फोन घ्या असं आम्ही सांगू शकत नाही, असं जाहीरच केलं.

शेवटी १६ जुलैला जॉब्ज यांनी पत्रकार परिषद घेतली आणि तोडगा म्हणून काय दिलं? कव्हर. ॲपलचा स्वतःचा बंपर होता, रबर आणि प्लास्टिकची चौकट, बटणं धातूची, किंमत २९ डॉलर. तो लावला की हात आणि स्टील यांच्यामधे रबर यायचं आणि नेटवर्क टिकायचं. ३० सप्टेंबरपर्यंत फोन घेणाऱ्यांना कव्हर फुकट मिळालं. पुढं अमेरिकेत कोर्टबाजी झाली आणि २०१२ मध्ये ग्राहकांना १५ डॉलर किंवा फुकट कव्हर अशी तडजोड ठरली.

नेटवर्कसाठी आलेला हा तुकडा लोकांना आवडला तो दुसऱ्याच कारणाने. फोन झाकला जात नव्हता, जाड होत नव्हता आणि तरी कडा सांभाळल्या जात होत्या. तिथून बंपरची फॅशन पसरली. आज दुकानात बंपर कव्हर मागितलं तर नुसती चौकट क्वचितच हातात पडते. बहुतेक वेळा भरीव कडा आणि पातळ पाठ असलेलं एकच कव्हर मिळतं. नावं बदलली तरी कल्पना तीच राहिली, कडेला लक्ष द्या.

आता कडाच का, ते बघू. थोडं गणित आहे, पण ते समजलं की दुकानातलं अर्धं काम होतं.

समजा २०० ग्रॅमचा फोन कमरेच्या उंचीवरून, म्हणजे साधारण एक मीटरवरून पडला. जमिनीला टेकताना त्याचा वेग ताशी १६ किलोमीटरच्या आसपास असतो. बोलताना कानापासून, म्हणजे दीड मीटरवरून सुटला तर १९-२० किलोमीटर. वेग फार नाही, सायकलसुद्धा एवढी पळते. प्रश्न वेगाचा नाही, थांबण्याचा आहे. हा वेग शून्यावर यायला फोनला किती जागा मिळते, यावर सगळं ठरतं.

एक मीटर पडलेला फोन एका मिलिमीटरमध्ये थांबला, तर त्या क्षणी सरासरी धक्का फोनच्या वजनाच्या हजारपट बसतो. २०० ग्रॅमचे हजारपट म्हणजे २०० किलो. तोच फोन दोन मिलिमीटरमध्ये थांबला तर १०० किलो. आणि काच, धातू, फरशी यातलं काहीच दबणारं नसलं तर थांबायला एक मिलिमीटरही मिळत नाही, पाव मिलिमीटर मिळाला तर हाच आकडा ८०० किलोवर जातो. फरक कव्हरच्या 'ताकदीचा' नाहीच. कव्हर किती दबतं, त्याचा आहे.

हापूसची पेटी आठवा. आंब्यांच्या खाली, वर, कडेला पेंढा असतो. पेंढा मजबूत असतो म्हणून घालत नाहीत, तो दबतो म्हणून घालतात. लोखंडाच्या डब्यात आंबे भरून ट्रकमधून पाठवले तर डबा धड पोचेल, आंब्यांचा रस होईल.

आता फोन पडतो कसा, ते बघा. तो सपाट, पाठीवर पडला तर धक्का पूर्ण पाठीवर वाटला जातो. पण हातातून सुटलेला फोन गिरक्या घेत येतो आणि बऱ्याचदा कोपरा किंवा कड आधी टेकते. सगळा भार त्या नखाएवढ्या जागेवर. शिवाय काच दाबाला चिवट असते, पण ताणाला कच्ची. वापरात पडलेले केसाएवढे ओरखडे, जे डोळ्यांना दिसतही नाहीत, धक्क्याने ताण आला की भेगेची सुरुवात तिथूनच होते. म्हणून पडलेल्या फोनची भेग एवढ्या वेळा कोपऱ्यातून निघालेली दिसते.

याचा अर्थ सरळ आहे. पाठीवर तीन मिलिमीटर जाड प्लास्टिक लावून फोनची वीट करण्यात फायदा थोडा. तेच भरीव रबर चार कोपऱ्यांत असेल तर पाठ एक मिलिमीटरची असली तरी चालते. चांगलं स्लिम कव्हर नेमकं हेच करतं. कोपऱ्यांना आतून पोकळ जागा किंवा खाचा ठेवलेल्या असतात, तिथं थोडी हवा असते, धक्का बसला की ती जागा आधी दबते आणि मग फोनपर्यंत झळ पोचते. बाजारात याला एअर कुशन म्हणतात.

दुकानात हे तपासायला यंत्र लागत नाही. कव्हर हातात घ्या, आत फोन नसताना कोपरा अंगठा आणि बोटाच्या चिमटीत दाबा. दबला आणि सोडल्यावर परत आला पाहिजे. अजिबात दबला नाही तर ते शोभेचं कव्हर आहे. दबून तसाच राहिला तर लवकरच सैल पडणार. आणि कोपऱ्याची जाडी पाठीच्या जाडीएवढीच असेल, तर कव्हर 'स्लिम' आहे, 'बंपर' नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे काठ. कव्हरची कड स्क्रीनच्या थोडी वर आलेली असते तो भाग. फोन पालथा ठेवला किंवा पालथा पडला की जमिनीला हा काठ टेकायला हवा, काच नाही. यात एक गोची असते. कव्हर घेताना काठ व्यवस्थित वर असतो. मग माणूस घरी येतो, टेम्पर्ड ग्लास लावतो. ती साधारण ०.३३ मिलिमीटर जाड, वर गोंदाचा थर. काठ आधीच अर्ध्या मिलिमीटरचा असेल तर त्यातली बहुतेक उंची ग्लासनेच खाल्ली. आता जमिनीला काठ आणि ग्लास जवळपास एकदमच टेकणार.

यासाठी एटीएम कार्ड वापरा. फोनला ग्लास आणि कव्हर दोन्ही लावा, कार्ड उभं धरून त्याची लांब कड एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत स्क्रीनवर आडवी टेकवा, आणि फोन उजेडाकडे धरून बघा. कार्डाखालून उजेडाची सलग रेघ दिसली तर काठ काम करतोय. कार्ड मधे ग्लासला टेकत असेल तर काठ नावापुरता आहे. कार्ड पोचण्याइतका फोन अरुंद नसेल तर सहा इंची पट्टी घ्या. हीच तपासणी मागच्या कॅमेऱ्याभोवतीही करायची, कारण हल्लीचे कॅमेरे पाठीच्या बरेच वर आलेले असतात आणि पातळ कव्हरचा कॅमेऱ्याभोवतीचा काठ अनेकदा लेन्सच्या खालीच राहतो. टेबलावर ठेवलेला फोन मग रोज लेन्सवरच घासतो.

कडा वळलेल्या, म्हणजे कर्व्ह डिस्प्लेच्या फोनवाल्यांची इथं पंचाईत होते. काच कडेपर्यंत उतरलेली असल्याने काठाला धरायला जागाच नसते आणि बाजूची काच उघडी राहते. अशा फोनला कोपरे जास्त उंच असलेलं कव्हरच बघावं.

काठ मात्र काय थांबवू शकत नाही, हेही माहीत हवं. रस्त्यावरचा खडा. पालथा पडलेल्या फोनखाली नेमका टोकदार खडा आला तर तो दोन काठांच्या मधे काचेला गाठतोच. बंपरची हद्द तिथं संपते, आणि टेम्पर्ड ग्लासचं काम सुरू होतं.

मग मटेरियल. दुकानात गेलं की सिलिकॉन, सॉफ्ट, हार्ड, ट्रान्सपरंट अशा नावांचा मारा होतो. त्यातलं बहुतेक सॉफ्ट कव्हर प्रत्यक्षात टीपीयूचं असतं, म्हणजे थर्मोप्लास्टिक पॉलियुरेथेन. रबरासारखं वाकतं आणि प्लास्टिकसारखं टिकतं. अनेक फोनच्या बॉक्समध्ये जे पारदर्शक कव्हर फुकट मिळतं तेही हेच. हार्ड कव्हर असतं पॉलिकार्बोनेटचं. ओरखडे आणि टोकदार मार अडवायला ते चांगलं, पण दबत नाही, त्यामुळे नुसतं हार्ड कव्हर कोपऱ्यावर पडलं तर एक तर स्वतः तडकतं किंवा धक्का सरळ आत पाठवतं. खरं सिलिकॉन हाताला मखमली लागतं, निसटत नाही, पण खिशातला कचरा आणि धूळ ओढून घेतं आणि जीन्समधून काढताना खिसा उलटा करून बाहेर येतं.

स्लिम हवं असेल तर कडा टीपीयूच्या आणि पाठ पॉलिकार्बोनेटची, ही जोडी सगळ्यात समजूतदार. जिथं दबायला हवं तिथं मऊ, जिथं पातळ राहून टिकायला हवं तिथं कडक.

महागड्या कव्हरमध्ये अजून एक प्रकार दिसतो. डी३ओ नावाचं ब्रिटिश मटेरियल आहे, बाइक रायडरच्या जॅकेटमध्ये कोपर-खांद्याला वापरतात तेच. हळू दाबलं तर मऊ, जोरात आपटलं तर क्षणभर घट्ट होतं. घरी कॉर्नफ्लोअरमध्ये थोडं पाणी घालून बोटाने हळू आणि मग जोरात दाबून बघितलं असेल तर साधारण तसंच. त्यामुळे कमी जाडीत जास्त धक्का सोसतो. भारी गोष्ट आहे, पण पंधरा हजारांच्या फोनला तेवढं महाग कव्हर घ्यायचं का, याचं उत्तर बहुतेक वेळा नाही असंच येईल.

आणि ज्यांना वाटतं की कव्हरमध्ये नवीन काय असणार, त्यांच्यासाठी. २०१८ मध्ये जर्मनीतल्या आलेन विद्यापीठातल्या फिलिप फ्रेंझेल या विद्यार्थ्याने असं कव्हर बनवलं होतं की फोन पडतोय हे सेन्सरला कळलं की चारी कोपऱ्यांतून धातूचे वळलेले पाय बाहेर यायचे आणि फोन खेकड्यासारखा त्यावर उतरायचा. जर्मनीतल्या मेकॅट्रॉनिक्स संस्थेचा पुरस्कारही त्याला मिळाला. आपल्याला मात्र अजून रबराच्या कोपऱ्यावरच भागवायचंय.

आता जाहिरातीतला सगळ्यात वजनदार शब्द, 'मिलिटरी ग्रेड'. हा वाचला की वाटतं, हे कव्हर थेट सियाचीनवरून तपासून आलंय. प्रत्यक्षात हा शब्द येतो अमेरिकी संरक्षण खात्याच्या मिल-एसटीडी-८१० या मानकावरून. ते १९६२ पासून आहे, त्याची 'एच' आवृत्ती २०१९ ची. त्यात उष्णता, धूळ, कंपनं अशा बऱ्याच चाचण्या आहेत आणि त्यातली एक वस्तू पाडण्याची. चार फुटांवरून, म्हणजे १.२२ मीटरवरून, २६ वेळा. २६ च का? चौकोनी वस्तूला ६ बाजू, १२ कडा आणि ८ कोपरे असतात, प्रत्येकावर एकदा.

ऐकायला दणकट वाटतं. पण दोन गोष्टी पाकिटावर छापलेल्या नसतात. एक, हे २६ वेळा पाडणं पाच नगांपर्यंत वाटून घ्यायची मुभा आहे. म्हणजे एकच फोन २६ वेळा पडला असेल असं नाही. दोन, खाली असतं ते काँक्रीटवर ठेवलेलं दोन इंची प्लायवूड. रेल्वे स्टेशनचा जिना किंवा सोसायटीच्या पार्किंगमधला कोबा म्हणजे प्लायवूड नव्हे. शिवाय हे मानक पाळलं का, याचं सर्टिफिकेट देणारं अमेरिकी सैन्याचं कुठलंही कार्यालय नाही. कंपनी स्वतः चाचणी करते किंवा बाहेरच्या प्रयोगशाळेकडून करून घेते आणि शब्द छापते. सगळेच खोटं बोलतात असं नाही. नामांकित कंपन्या खरंच चाचण्या करतात आणि किती उंचीवरून केल्या तेही सांगतात. पण फूटपाथवरच्या शंभर रुपयांच्या कव्हरवर हेच दोन शब्द दिसले, तर त्यांची किंमत त्यावर छापलेल्या वाघाच्या चित्राएवढीच समजायची.

असाच दुसरा गैरसमज म्हणजे, 'फोनला गोरिला ग्लास आहे, कव्हर कशाला?' कॉर्निंग कंपनीची ही काच नक्कीच चांगली आहे. गरम पोटॅशियम क्षारात बुडवून काचेतल्या सोडियमच्या जागी मोठे पोटॅशियमचे कण बसवतात, त्यामुळे पृष्ठभाग कायम दाबाखाली राहतो आणि भेग सहज सुरू होत नाही. व्हिक्टस २ या २०२२ च्या काचेबद्दल कंपनीचा दावा होता की ती काँक्रीटसारख्या पृष्ठभागावर एक मीटरवरून पडूनही टिकते. म्हणजे कंपनी स्वतःच एक मीटर म्हणते, आणि कान जमिनीपासून दीड मीटरवर असतो.

बरं, दुकानात गेल्यावर होतं काय? पुण्याची तापकीर गल्ली असो की मुंबईचं मनीष मार्केट, आधी मॉडेल विचारतात. मॉडेल जरा जुनं असेल तर दुकानदार शेजारच्या मॉडेलचं कव्हर काढून दाखवतो. "हेच बसेल दादा, सेम साइझ आहे." बसतं पण. मात्र एखादा मिलिमीटर सैल. सैल कव्हरमध्ये फोन आतल्या आत हलतो, पडताना कव्हर एकीकडे आणि फोन दुसरीकडे असंही होतं. कव्हर चढवल्यावर फोन पालथा धरून हलवा, आवाज आला तर ते घेऊ नका. कडेला धरून ओढून बघा, एक कोपरा जरी सहज सुटला तरी नाही म्हणा. बटणं पण दाबून बघा. आवाजाचं बटण दाबायला जोर लावावा लागत असेल तर रोज चिडचिड होईल आणि शेवटी कव्हरच निघेल. चार्जरच्या खाचेचंही तसंच, घरचा जाड पिनवाला चार्जर सोबत नेला तर उत्तम.

एक गोष्ट मात्र कुणी दुकानात तपासत नाही ती म्हणजे पकड. गुळगुळीत, चकचकीत पाठीचं कव्हर दिसायला छान असतं, पण घामेजल्या हातातून साबणासारखं सटकतं. कडेला बारीक रेघा किंवा खरखरीतपणा असेल तर फोन मुळात पडण्याची वेळच कमी येते, आणि न पडलेल्या फोनइतकं संरक्षण कुठलंच कव्हर देत नाही.

नुसती चौकट घ्यायची की पाठ असलेलं, हा प्रश्न उरतो. चौकटीत फोनचा रंग दिसतो, उष्णता अडत नाही, वायरलेस चार्जिंगला काही आड येत नाही. पण आजच्या बऱ्याच फोनची पाठ काचेची असते, आणि वापरणारा माणूस फोन जिथं मिळेल तिथं ठेवणारा असेल, बाइकच्या टाकीवर, कट्ट्यावर, ओट्यावर, तर पातळ का होईना पाठ असलेलंच बरं. चौकट ही सांभाळून वागवणाऱ्यांची चैन आहे. त्यातही ॲल्युमिनियमच्या चौकटीपासून लांबच राहिलेलं चांगलं. दिसायला ती राजेशाही, पण फोनच्या अँटेना कडेलाच असतात, वर धातूचं कडं बसवलं की नेटवर्क कमी होऊ शकतं. शिवाय धातू दबत नाही, म्हणजे ज्या कामासाठी बंपर घ्यायचा तेच काम होत नाही. २०१० मध्ये नेटवर्क वाचवायला आलेल्या वस्तूने नेटवर्क घालवावं, हा उलटा न्यायच झाला.

घेतल्यानंतरचं पण थोडं आहे. आपल्याकडं पारदर्शक कव्हर म्हणजे दुसरं पाकीट. त्यात दहाची नोट असते, विठ्ठलाचा छोटा फोटो असतो, लोकलचा पास असतो, कधी तर एटीएम कार्ड असतं. एखादा कागद ठीक आहे. पण कार्ड आणि घडी घातलेल्या नोटांनी पाठ फुगते, फोन पुढं ढकलला जातो आणि तो मघाशी कार्डाने तपासलेला काठ तेवढाच खाली जातो. वायरलेस चार्जिंग वापरणाऱ्यांनी तर मधे कार्ड किंवा गाडीतल्या मॅग्नेट होल्डरची धातूची पट्टी ठेवूच नये.

उन्हाळ्यात दुसरी अडचण. चार्जिंगला लावलेला फोन गरम होतो आणि कव्हर ती उष्णता धरून ठेवतं. बॅटरीचं आयुष्य उष्णतेनेच कमी होतं. ॲपल स्वतः सांगतं की चार्जिंग करताना फोन गरम होत असेल तर कव्हर काढून ठेवा. मे महिन्यात नागपुरात गाडीच्या हँडलला फोन लावून, नकाशा चालू ठेवून चार्ज करणाऱ्यांनी तर हे लक्षात ठेवावंच.

पंधरा दिवसांतून एकदा कव्हर काढून पुसलं पाहिजे. कडेने शिरलेली बारीक वाळू आत अडकते, आणि वाळूतला क्वार्ट्झ काचेपेक्षा कठीण असतो. फोन आणि कव्हर यांच्यामधे तो सॅंडपेपरसारखा काम करतो, मग लोक म्हणतात की कव्हर लावूनही पाठीवर ओरखडे कसे आले. पावसाळ्यात आत ओल राहते, तेव्हा आठवड्याला काढलं तरी जास्त नाही.

पारदर्शक कव्हर पिवळं पडतं ती मळाची तक्रार नाही. ऊन, उष्णता आणि हाताचं तेल यांनी टीपीयूच बदलतं, त्यामुळे कितीही टूथपेस्ट घासली तरी ते पुन्हा पांढरं होत नाही. अनेक कंपन्या नव्या कव्हरला किंचित निळसर झाक देतात ती हा पिवळेपणा लपवायलाच. पिवळं पडलं म्हणून लगेच फेकायची घाई नको. पण कोपरे ताठ झाले असतील, किंवा ताणून ताणून सैल पडले असतील, तर तीच चिमटीची तपासणी परत करायची. आणि फोन एकदा जोरात आपटून वाचला असेल तर ज्या कोपऱ्यावर पडला तो कोपरा उलटून बघायचा. आतल्या बाजूने बारीक चीर गेलेली असेल तर त्या कव्हरचं काम झालेलं आहे, शे-दोनशे रुपये खर्चून दुसरं घ्या.